जोड कशी लावायची? हौशी खेळाडूचं कसब जोखण्याचा इतिहास



व्याख्यानाला येण्याआधी आज सकाळी आम्ही शिरपामाळावर जाऊन आलो. तुमच्यापैकी बहुतेकांच्या हा माळ पायाखालचा आहे. पण व्याख्यानाचा विषय डोक्यात घेऊन तिथं उभं राहिलं, की तीच जागा जरा वेगळी दिसते. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

परंपरा अशी सांगते, की १६६३ साल संपता संपता शिवाजी महाराज सुरतेकडे निघाले, ते या वाटेनं. जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी या माळावर त्यांची भेट घेतली आणि मानाचा शिरपेच दिला. त्यावरून हा शिरपामाळ. ही गोष्ट तुम्ही शाळेत असल्यापासून ऐकत आलात. आम्हाला आज त्यातल्या एकाच गोष्टीकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. शिरपेच दिला गेला तेव्हा सुरत झालेली नव्हती. सुरतेवरचा छापा पडला जानेवारी १६६४ च्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे मान मिळाला तो पराक्रमाच्या आधी. समोर आलेला माणूस केवढा आहे, हे विक्रमशहांना त्या माळावर, त्या घटकेला ठरवावं लागलं. त्यांच्यापुढे प्रतापगड होता, शाहिस्तेखानाची बोटं होती, आणि समोर उभी असलेली फौज होती. बाकी सगळा अंदाज. पुढे जून १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या फौजेनं जव्हारच घेतलं, हेही आपण विसरू नये. ज्याचं कसब आपण बरोबर ओळखलं, तो कायम आपल्याच बाजूला राहील असं काही नसतं.

आता तुम्ही म्हणाल, खेळाच्या व्याख्यानात हे राजेरजवाडे कशाला? तर आजचा प्रश्न अगदी हाच आहे. समोरचा खेळाडू किती पाण्यात आहे, हे खेळ सुरू होण्याआधी कसं ओळखायचं? आणि तोही हौशी खेळाडू. ज्याचं नाव पेपरात येत नाही, ज्याच्या धावांची कुठं नोंद नाही, जो दिवसभर शेतावर किंवा हापिसात असतो आणि संध्याकाळी मैदानात येतो, असा. मोठ्या खेळाडूला जोखायला निवड समित्या असतात, आकडे असतात. हौशी खेळाडूला कोण जोखतं? आणि चुकीचं जोखलं तर काय होतं?

चूक झाली तर काय होतं, ते आधी सांगून टाकतो, कारण मुद्दा तिथं आहे. कुस्तीत विजोड जोड लागली तर मान मोडते, खांदा निखळतो. कबड्डीत कोवळ्या पोराला थोराड गड्यापुढे ढकललं तर गुडघा जातो. आणि शरीर वाचलं तरी मन वाचेलच असं नाही. सलग चार वेळा विजोड हरलेला मुलगा पाचव्या वेळी मैदानावर येत नाही. उलट बाजूनंही तेच. ज्याला कधी तोडीस तोड भिडूच मिळाला नाही, त्याचं कसब तिथंच गंजतं. तेव्हा जोड लावणं हे वरवरचं काम नाही. कोण खेळत राहणार आणि कोण घरी बसणार, हे तिथं ठरतं.

कच्चा लिंबू आणि गुपित नावं

पहिली पद्धत आपल्या सगळ्यांच्या अंगणातली आहे. पोरं जमली की दोन कॅप्टन उभे राहतात आणि आळीपाळीनं भिडू उचलतात. ही सगळ्यात उघडी आणि सगळ्यात निर्दय मोजणी. पहिला कोण उचलला गेला आणि शेवटी कोण उरलं, हे अख्ख्या आळीला कळतं. आमच्यापैकी काहीजण नेहमी शेवटी उरणाऱ्यांतले होतो, त्यामुळे हा भाग आम्ही अनुभवानं सांगतो.

पण याच पोरांनी दोन सुंदर उपाय काढून ठेवलेत. एक म्हणजे कच्चा लिंबू. धाकटा भाऊ आला, त्याला खेळायचंय, पण तो टिकणार नाही. मग त्याला कच्चा लिंबू करायचं. तो पळेल, ओरडेल, पण बाद झाला तरी त्याच्यावर राज्य नाही. एका शब्दात पोरांनी काय काय मान्य केलं पाहा: याचं कसब कमी आहे, तरीही याला खेळायचा हक्क आहे, आणि याच्यामुळे खेळाचा निकाल बिघडता कामा नये. मोठ्या माणसांच्या किती क्रीडा संघटनांना या तीन गोष्टी एका नियमात बसवता आल्यात?

दुसरा उपाय त्याहून हुशार. पोरं आपली आपण जोड्या करतात. साधारण सारखे दोघं बाजूला जातात, कुजबुजून गुपित नावं घेतात, एक चंद्र, एक सूर्य, आणि गळ्यात गळा घालून कॅप्टनांसमोर येतात. कॅप्टननं विचारायचं नाही कोण कोण आहे. फक्त म्हणायचं, सूर्य. जो सूर्य असेल तो त्याच्याकडे गेला. इथं कॅप्टनला कोणाचं मोल करावंच लागत नाही. मोल खेळाडूंनी आपसात केलेलं असतं. आणि ते खोटं करण्यात कोणाचा फायदा नसतो, कारण कोण कुठल्या बाजूला जाणार हे नशिबावर आहे. हे डोकं कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. पिढ्यान् पिढ्या खेळून खेळून आलेलं आहे.

कल्याणीच्या दरबारातली वर्गवारी

लिहून ठेवलेली वर्गवारी पाहायची तर आपल्याला बाराव्या शतकात जावं लागतं, आणि तेही फार लांब नाही. कल्याणीचे चालुक्य, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. तिथला राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. राजानं काय खावं, काय ल्यावं, कशानं मन रमवावं, सगळं त्यात आहे. त्यात मल्लविनोद नावाचा भाग आहे. तिथं मल्लांच्या तीन श्रेणी दिल्यात: सगळ्यात वर ज्येष्ठिक, मधे अंतरज्येष्ठिक, आणि खाली गोवल. वय, शरीर आणि बळ लक्षात घेऊन मल्लांचे प्रकार पाडलेत, त्यांनी व्यायाम काय करावा, खावं काय, तेही सांगितलंय.

आठ-नऊशे वर्षांपूर्वी कोणीतरी बसून हा विचार केला, की सगळे मल्ल एका दावणीला बांधून चालणार नाहीत. पण हे दरबारातले, राजाच्या पदरचे मल्ल होते. त्यांचं खाणंपिणं राजाकडे, त्यामुळे त्यांची माहितीही राजाकडे. गावचा शेतकरी गडी, जो वर्षातून दोनदा जत्रेत लंगोट कसतो, त्याची माहिती कोणाकडे असणार? त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था लागली. ती जत्रेनं दिली.

जत्रेचा फड

जत्रेतली कुस्ती तुम्ही पाहिलेली आहे. इथं जव्हारलाही दसऱ्याच्या कुस्त्यांची चाल आहे. घाटावर, म्हणजे सातारा-सांगली-कोल्हापूरकडे, चैत्र-वैशाखात गावोगाव फड लागतात. कुस्ती सगळेच बघतात. आम्ही मात्र काही वर्षं जत्रांतून हिंडलो ते कुस्तीच्या आधीची पंधरा मिनिटं बघायला. म्हणजे जोड लागताना.

हलगी वाजत असते. फडाच्या कडेला दोन-चार वयस्क माणसं, फेटे बांधलेली. हे पंच, गावचे जुने पैलवान, तालमीचे वस्ताद. लढायची इच्छा असलेला गडी कपडे काढून फडात येतो, माती कपाळाला लावतो आणि एक फेरी मारतो. त्या फेरीत पंच त्याला वाचतात. उंची आणि वजन तर कोणालाही दिसतं. हे लोक मान बघतात, ती खांद्यात कशी बसलीय ते. कान बघतात, चुरगळलेला, सुजून कडक झालेला कान म्हणजे या गड्यानं वर्षानुवर्षं मातीत डोकं घासलंय. चालताना टाच कशी पडते ते बघतात. मग विचारतात: गाव कुठलं? तालीम कुठली? वस्ताद कोण? मागची कुस्ती कितीची केली?

हा शेवटचा प्रश्न नीट ऐका. कितीची केली. कारण जत्रेत इनामाची एक उतरंड असते. सकाळी, किंवा फड सुरू होताना, लहान पोरांच्या कुस्त्या. त्यांचं इनाम रेवड्या. म्हणून त्यांना रेवड्यांवरच्या कुस्त्या म्हणतात. मग दहा-वीस रुपयांच्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, हजाराच्या, आणि दिवस कलताना शेवटची मोठी कुस्ती. प्रत्येक गड्याचा एक भाव ठरत जातो. हा पाचशेचा गडी आहे. तो यंदा हजारावर गेला. इनाम ही कमाई असतेच, पण ती त्या गड्याच्या कसबाची जाहीर नोंदही असते. आणि ती कागदावर नसून लोकांच्या तोंडात असते. पाचशेवर जिंकलास तर पुढच्या जत्रेत तुला पाचशेची कुस्ती कोणी देणार नाही. वर जावंच लागेल. हरत गेलास तर खाली यावं लागेल. आजच्या भाषेत ही रेटिंगची पद्धत आहे, आणि तिला चालवायला ना संघटना लागते, ना दप्तर.

या पद्धतीत लबाडी नव्हती का? होती, आणि ती दोन्ही बाजूंनी होती. बढाई मारणारा स्वतःला मोठा सांगायचा. त्याची फार काळजी करायचं कारण नसे; माती त्याला दहा मिनिटांत खरं सांगायला लावते. खरा धोका कमी सांगणाऱ्याचा. लांबच्या तालमीतला तयार गडी, अंगात जुना सदरा, ‘मी काय, शेतावरचा माणूस’ म्हणत शंभराच्या कुस्तीला उभा राहायचा आणि गावच्या पोराला हां हां म्हणता चीत करून इनाम घेऊन जायचा. त्यावर उपाय एकच, पंचांची नजर आणि त्यांची ओळखपाळख. आमच्यासमोर एका फडात एका म्हाताऱ्या वस्तादांनी अशा एका गड्याला नुसता हात धरून बाजूला घेतला, मनगट दाबून पाहिलं, आणि म्हणाले, ‘बाळा, तू संध्याकाळी थांब. तुझी जोड वर आहे.’ अपमान नाही, आरडाओरडा नाही. त्या गड्यालाही वर जाणं भाग पडलं, आणि खालचा पोरगा वाचला.

आणि समजा पंच चुकलेच, तर शेवटची सोय कुस्तीतच आहे. सलामी झाली की पैलवान लगेच डाव टाकत नाहीत. हातात हात, मानेवर हात, थोडी रेटारेटी. याला खडाखडी म्हणतात. नवख्या प्रेक्षकाला तो कंटाळा वाटतो. पण तिथं दोघं एकमेकांना जोखत असतात. जाणकार माणूस खडाखडीवरूनच सांगतो, ही कुस्ती निकाली होणार की बरोबरीत सुटणार.

शाहू महाराजांनी कोल्हापूरला १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं केलं, ते रोमचं जुनं क्रीडागार पाहून आल्यावर, असं सांगतात. हजारो माणसांना हौद्यातली कुस्ती नीट दिसावी अशी त्याची रचना आहे. त्याचा एक परिणाम असा, की जोखणारे डोळे वाढले. चार पंचांचं मत आणि हजारो जाणत्या प्रेक्षकांचं मत यात फरक पडला, तर ते तिथल्या तिथं ऐकू येतं.

ज्याला मोजायलाच घेतलं नाही

इथपर्यंत आम्ही जुन्या पद्धतीचं कौतुक केलं. आता तिची काळी बाजू. पंचांची नजर म्हणजे माणसाची नजर, आणि माणसाच्या नजरेत त्याचा समाज असतो.

पळवणकर बाळूंचं उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाची शेवटची वर्षं, पुणं. चांभार समाजातला हा तरुण आधी पारशी मंडळींच्या क्लबात, मग पूना क्लबात मैदान राखायच्या कामाला होता. रोलर फिरवायचा, जाळी बांधायची, पगार महिना चार रुपये. तिथले गोरे अधिकारी सरावाला आले की हा त्यांना गोलंदाजी करायचा. कॅप्टन ग्रेग नावाचा तिथला नामी फलंदाज तासन् तास याच्याच गोलंदाजीवर सराव करी. डावखुरी फिरकी, अचूक टप्पा. म्हणजे पुण्यातल्या उत्तम फलंदाजाला या माणसाचं कसब रोज बॅटवर जाणवत होतं. पण त्याला बॅट हातात घ्यायला कोणी सांगितलं नाही. फलंदाजी हे साहेबांचं काम.

पुण्याच्या हिंदू संघानं त्याला घ्यावं की नाही यावर तिथं वाद झाला. शेवटी घेतलं, कारण साहेबांना हरवायचं होतं. मैदानावर चेंडू सगळ्यांनी हातात घेतला, पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. पुढे मुंबईत १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवलं त्या संघात बाळू होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. आता तरी कर्णधारपद? नाही. ते बाळूंना कधीच मिळालं नाही. १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल चौरंगी सामन्यांत हिंदूंचे कर्णधार झाले, तेव्हा पळवणकर घराण्याला तो मान मिळाला.

आपल्या विषयासाठी यात एक धडा आहे. कसब जोखायचं तर आधी माणसाला मैदानात घ्यावं लागतं. बाळूंची गोलंदाजी मोजली गेली, कारण साहेबाला सरावाला गडी हवा होता. फलंदाजी मोजलीच गेली नाही, म्हणून ती कोणाला दिसली नाही. त्या काळी असे किती बाळू जाळी बांधतच राहिले असतील, त्यांची गणती कुठल्याच वहीत नाही. म्हणून ‘अमक्या समाजात, अमक्या तालुक्यात खेळाडूच नाहीत’ असं कोणी म्हणालं, की आम्ही पहिल्यांदा विचारतो: तुम्ही मोजायला कधी गेला होतात?

काटा आणि फूटपट्टी

नजरेत पक्षपात आहे म्हटल्यावर माणूस यंत्राकडे वळतो. विसाव्या शतकात आपल्याकडे तेच झालं. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधायला घेतले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं हुतूतूचे नियम छापले. देशी खेळ अंगणातून मैदानात आले, तशी गटवारीही आली. कबड्डीत वजनाची मर्यादा आली. खो-खोत मुलांच्या गटांसाठी वय, उंची आणि वजन एकत्र धरून निर्देशांक काढायची पद्धत कितीतरी वर्षं चालली. शाळेच्या ओसरीत काटा मांडून, भिंतीवर पट्टी आखून शारीरिक शिक्षणाचे मास्तर पोरांची बेरीज करताहेत, हे दृश्य इथल्या कित्येकांना आठवत असेल. सामन्याच्या दिवशी सकाळी उपाशी राहून आलेली पोरंही आठवत असतील.

काट्याचा गुण मोठा आहे. तो जात विचारत नाही, गाव विचारत नाही. पण तो शरीर मोजतो, कसब नाही. सत्तर किलोचे दोन गडी म्हणजे सारखे दोन गडी नव्हेत.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. अंगानं लहान, पण मातीत भल्याभल्यांना भारी. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले, सगळ्यात हलक्या वजनगटात सहावे आले. तिथं माती नव्हती, मॅट होती, आणि नियमही वेगळे. १९५२ च्या हेलसिंकीच्या आधी निवडीत घोळ झाला. आपल्याला मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुद्दाम एक गुण कमी दिला, असं जाधवांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा लढत झाली आणि जाधवांनी प्रतिस्पर्ध्याला पाडलं. मग पैशाचा प्रश्न. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीला जाधवांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

इथं तीन माणसं तीन तऱ्हेनं जोखताहेत. पंचांनी गुण मोजले. महाराजांनी सांगितलं, पुन्हा लढवून बघा. आणि खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. आमच्या मते तिसऱ्याचं जोखणं सगळ्यात भारी, कारण चुकलं असतं तर किंमत त्यांनाच मोजावी लागली असती.

पावसाळ्यातली शिडी

आता मुंबईला जाऊ. १९४८ मध्ये डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावानं कांगा लीग सुरू झाली. पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर, आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क अशा मैदानांवर. ए पासून जी पर्यंत सात डिव्हिजन. वरच्या डिव्हिजनला तळाला राहिलात तर खाली, खालच्या डिव्हिजनला अव्वल आलात तर वर.

यात व्यक्ती जोखली जात नाही, क्लब जोखला जातो. पण मुंबईच्या लोकलमध्ये दोन क्रिकेटवाले भेटले की पहिला प्रश्न, ‘कुठल्या डिव्हिजनला?’ उत्तर मिळालं की पुढची ओळख लागतच नाही. जत्रेतल्या ‘कितीची केली?’ चाच हा भाऊ. आणि ही शिडी वयही विचारत नव्हती. सचिन तेंडुलकर अकरा वर्षांचा असताना जॉन ब्राइट क्लबाकडून कांगा लीगमध्ये उतरला. शाळेच्या गटवारीत तो लहान गटातच राहिला असता. इथं मोठ्यांत उभं राहून त्याला कळलं, आपण कुठं आहोत.

या शिडीवर पोटही अवलंबून होतं. बँका, गिरण्या, कंपन्या आपापले संघ बाळगत. अजित वाडेकर स्टेट बँकेत, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. कबड्डीतही तसंच. कामगार वस्तीतल्या किती घरांची चूल पोराच्या चढाईवर पेटली. तेव्हा ‘हा कुठल्या लायकीचा खेळाडू’ हा प्रश्न म्हणजे नोकरीचा प्रश्न होता.

आकड्यांची जोड

शेवटी बाहेरच्या जगाकडे एक नजर. अमेरिकेत मिलवॉकीला आर्पाद एलो नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, मूळचे हंगेरीचे. बुद्धिबळाची त्यांना फार हौस. त्यांनी खेळाडूंना गुणांक देण्याची रीत बसवली. अमेरिकेच्या संघटनेनं ती १९६० मध्ये उचलली, जागतिक संघटनेनं १९७० मध्ये. कल्पना सोपी आहे. दोघांच्या गुणांकात फरक नसेल तर दोघांना निम्मी-निम्मी आशा. दोनशेचा फरक असेल तर वरच्यानं शंभर डावांत साधारण शहात्तर गुण मिळवायला हवेत. मिळवले नाहीत तर त्याचे गुण कापून खालच्याला द्यायचे. म्हणजे मोठ्याला हरवलंस तर पुष्कळ चढशील, लहानाला हरवून फार काही मिळणार नाही. जत्रेतला इनामाचा हिशेब हाच, फक्त इथं तो दशांश चिन्हासकट मांडलेला आहे.

आणि जिथं असा हिशेब ठेवता येत नाही तिथं काय करतात? कॅनडा-अमेरिकेत बर्फावरची हॉकी मोठी माणसं हौसेनं खेळतात. दिवसभर काम, रात्री उशिरा मैदान. टोरांटोकडे राहणारी आपली मराठी मंडळीही मुलांमागे जाऊन कधी स्वतःच स्केट बांधतात. तिथंही ए, बी, सी, डी अशा पायऱ्या आहेत. नवा माणूस आला की विचारतात: लहानपणी खेळलास का? शेवटचं कुठल्या पातळीवर? उलटं सरकता येतं का, दोन्ही बाजूंना थांबता येतं का? काही ठिकाणी आधी एक दिवस बर्फावर उतरवून बघतात. कारण त्या खेळात वेग फार, बर्फ कठीण. विजोड माणूस स्वतः पडतो आणि दुसऱ्यालाही घेऊन पडतो. टेनिसवाल्यांनी तिकडे १९७० च्या दशकाच्या अखेरीस १.० ते ७.० अशी अर्ध्या-अर्ध्या पायरीची पट्टी केली आणि खेळाडूला सांगितलं, तूच तुझी पायरी ओळख.

आणि तक्रार कोणती असते ठाऊक आहे? वरच्या पायरीचा माणूस मुद्दाम खालच्या पायरीत शिरतो आणि करंडक घेऊन जातो. जुना सदरा घालून शंभराच्या कुस्तीला उभा राहिलेला आपला तो गडी सात समुद्रापलीकडेही आहे. फरक एवढाच, तिथं मनगट दाबून पाहणारा वस्ताद नाही.

आपल्याला यातून काय घ्यायचं

आम्हाला असं दिसतं, की कसब जोखायचे तीनच मार्ग माणसानं शोधलेत: जाणत्याची नजर, काटा-फूटपट्टी, आणि मागच्या निकालांची शिडी. नजर खोल जाते, पण आपल्या-परक्यात अडकते. काटा निःपक्षपाती, पण वरवरचा. शिडी सगळ्यात खरी, पण तिच्यावर पहिला पाय ठेवायला कोणीतरी हात द्यावा लागतो.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यात हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत धावायला लागली. धावण्यात घड्याळ असतं, त्याला जोड लागत नाही. तिनं २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक आणलं. पण घड्याळासमोर तिला उभं करणारं कोणीतरी आधी भेटावं लागलं. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून रोज डोंगर चढून शाळेत येणाऱ्या पोरी किती आहेत, तुम्हीच मोजा.

म्हणून आमचं सांगणं साधं आहे. तुमच्या गावच्या स्पर्धेत पहिल्या फेरीचे सामने काढताना चिठ्ठ्या टाकण्याआधी दोन जाणती माणसं मैदानाच्या कडेला बसवा. पोरांना अर्धा तास नुसतं खेळू द्या. खडाखडी होऊ द्या. मग जोड लावा. आणि कच्चा लिंबू ठेवायला लाजू नका.

प्रश्नोत्तरांतून

एका शिक्षकांनी विचारलं: हल्ली जत्रेत जोड फडावर लागतच नाही, फलकावर फोटोसकट नेमलेल्या कुस्त्या आधीच छापून येतात. हे चांगलं की वाईट?

प्रश्न रास्त आहे. नेमलेल्या कुस्त्यांनी नावाजलेल्या पैलवानांची सोय झाली, लोकांनाही मोठी कुस्ती बघायला मिळते. पण अनोळखी गड्यानं येऊन फेरी मारायची आणि पंचांनी त्याला वाचायचं, ही वाट अरुंद झाली. ज्याचा फोटो फलकावर नाही, त्यानं काय करायचं? निदान दुपारपर्यंतचा फड मोकळा ठेवावा, असं आम्हाला वाटतं.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं: मला नेहमी शेवटी निवडतात. मी काय करू?

बाळ, तू तुझ्यासारखी एक मैत्रीण शोध. दोघी गुपित नावं घ्या, आणि गळ्यात गळा घालून कॅप्टनसमोर जा. मग शेवटी उरायला कोणी राहणारच नाही. आणि हो, घरी जाताना शिरपामाळावर थोडं थांब. तिथं ज्याला मान मिळाला, त्यालाही तो पुढची लढाई जिंकण्याआधीच मिळाला होता.